चतुर आणि टाचण्या : सोलापूरकर सारखे विचारतात ते प्रश्न

वळवाचे दोन-तीन पाऊस झाले की मेसेज यायला लागतात, ते पार जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत चालू असतात. फोटो दरवेळी वेगळा, प्रश्न तोच. म्हणून नेहमीचे सगळे एका जागी लिहून ठेवलेत. सुरुवातीला सोपे आहेत, पुढे पुढे डोकं खाणारे. एका उत्तरात दुसऱ्याचा विषय आला की तिथे नंबर दिलाय, तिकडे बघा, तेच तेच परत लिहीत बसलो नाही.

१. चतुर म्हणजे ते हेलिकॉप्टरच ना? आपल्याकडे किती प्रकारचे असतात?

हो, तेच. लहानपणी ज्याला हेलिकॉप्टर म्हणायचो तो चतुर, आणि त्याच्याच नात्यातली बारीक, नाजूक ती टाचणी. दोघं मिळून ओडोनाटा नावाचा कीटकांचा एक गण होतो. जगात यांच्या सहा हजारांवर जाती आहेत, भारतात पाचशेच्या आसपास. महाराष्ट्रात सगळ्यात जास्त वैविध्य सह्याद्रीत, कारण तिकडे बारमाही ओढे आणि सावली. आपल्या कोरड्या भागात तेवढ्या नाहीत, पण लोक एकदम "सोलापुरात काय असणार" म्हणतात ते चूक आहे. याला जंगल लागत नाही, पाणी लागतं, आणि तळी, बंधारे, शेततळी, कालवे, नाले हे सगळं आपल्याकडे भरपूर आहे.

२. चतुर आणि टाचणी यातला फरक लांबूनच कसा ओळखायचा?

बसल्यावर बघा. चतुर पंख आडवे पसरून बसतो, टाचणी पंख मिटून पाठीवर घेते. चतुराचे डोळे मोठे, बहुतेकांचे डोक्यावर एकमेकांना टेकलेले, टाचणीचे दोन डोळे डोक्याच्या दोन टोकांना, मध्ये चांगली जागा. चतुराचे मागचे पंख पुढच्यांपेक्षा बुडाशी रुंद असतात, टाचणीचे चारही साधारण सारखे. उडण्यातही कळतं, चतुर जोरात आणि उंच जातो, टाचणी गवतातून हळूहळू सरकत राहते. एवढ्यावर दहापैकी नऊ वेळा बरोबर येतं, उरलेल्या एकासाठी १७ नंबर वाचा.

३. चावतो का? शेपटीने डंख मारतो म्हणतात ते खरं का?

डंख नाहीच. नांगी नाही, विष नाही. आणि आपण ज्याला शेपूट म्हणतो ते त्याचं पोट आहे, अन्न तिथूनच पुढे जातं, श्वासही तिथूनच. मोठा चतुर हातात दाबून धरला तर जबड्याने बोटाला चिमटा काढेल, त्याच्या जागी कोणीही काढेल.

४. चतुर एकच दिवस जगतो का?

नाही ओ. उडणारा चतुर साधारण काही आठवडे जगतो, काही जाती दोन-तीन महिने आणि काही त्याहून जास्त. पण खरी गोष्ट अशी की आपण जो उडताना बघतो तो त्याच्या आयुष्याचा शेवटचा तुकडा असतो. त्याआधी तो पाण्याखाली असतो, कमीत कमी महिना-दीड महिना, बऱ्याच जातींत कित्येक महिने, आणि थंड देशातल्या काही जातींत पाच-पाच वर्षं. म्हणजे चतुर हा मुळात पाण्यातला प्राणी, शेवटी थोडे दिवस हवेत येऊन जोडी जमवून, अंडी घालून जातो. हे एकदा डोक्यात बसलं की खालचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

५. तळ्यावर उडता उडता शेपूट पाण्यात टुकटुक आपटत असतात, पाणी पितात का?

अंडी घालायलेत. ती मादी असते, पोटाचं टोक पाण्याला लावते, दरवेळी थोडी अंडी सुटतात आणि खाली जातात. सगळ्या जाती असं करत नाहीत. टाचण्या आणि काही मोठे चतुर पाणवनस्पतीच्या देठाला चीर पाडून एकेक अंडं आत खोचतात, त्यासाठी मादीला पोटाच्या टोकाशी धारदार अवयव असतो. काही टाचण्या तर देठ धरून पूर्ण पाण्याखाली जातात आणि बराच वेळ खालीच काम करत बसतात, अंगावरच्या बारीक केसांत हवेचा थर अडकलेला असतो त्यावर भागतं. म्हणून तळ्याच्या काठचं गवत, लव्हाळा, पाणकणीस सगळं उपटून "स्वच्छता" केली की अंडी घालायची जागाच जाते, हे त्या उत्साही मंडळींना कोणीतरी सांगा.

६. पाण्यातलं पिल्लू कसं असतं? काय खातं?

दिसायला अगदी कळकट. मातकट, चपटं किंवा लांबोडकं, सहा पाय, पाठीवर पंखांच्या जागी छोट्या पिशव्या. आई-बापाशी काही म्हणजे काही साम्य नाही. पण शिकारी मात्र एक नंबर. त्याचा खालचा ओठ जेसीबीच्या हातासारखा डोक्याखाली दुमडून ठेवलेला असतो, पुढे आकडे, आणि भक्ष्य टप्प्यात आलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत तो पुढे जाऊन पकडून परत येतो. डासांच्या अळ्या, पाणपिसवा, बेडकाची लहान पिल्लं, बारीक मासे, आणि वेळ आली तर स्वतःची धाकटी भावंडं, काहीही चालतं.

श्वास घ्यायची तऱ्हा अजून भारी आहे. चतुराच्या पिल्लाच्या कल्ल्या मागच्या बाजूला, आतड्याच्या शेवटच्या भागात असतात. मागून पाणी आत घ्यायचं, प्राणवायू काढायचा, पाणी बाहेर टाकायचं. धोका वाटला की तेच पाणी एकदम जोरात सोडतं आणि त्या धक्क्यावर पुढे सुटतं. टाचणीच्या पिल्लाला हे जमत नाही, तिच्या पोटाच्या टोकाला पानासारख्या तीन कल्ल्या बाहेरच असतात. बशीत पाणी घेऊन बघितलं तर टोकाला तीन पानं दिसली की टाचणी, काटेरी टोक दिसलं की चतुर.

७. आमच्या हौदात काळपट किडे फिरायलेत, फोटो पाठवलाय. पाणी खराब झालं का? काढून टाकू का?

सोलापूरचा हा खास प्रश्न, कारण नळाला रोज पाणी नाही आणि घरोघरी हौद, बॅरल, सिमेंटच्या टाक्या भरलेल्या. फोटोतले किडे बहुतेक वेळा चतुराचीच पिल्लं निघतात. आपल्याकडे एक करड्या ठिपक्यांचा चतुर आहे, ब्रॅडिनोपायगा जेमिनाटा, दगडी भिंतीवर, कंपाउंडवर चपटा चिकटून बसतो आणि हलल्याशिवाय दिसतच नाही. मूळचा कातळातल्या डबक्यांचा, त्याला सिमेंटचा हौद म्हणजे कातळातलं डबकंच वाटतं, म्हणून तो बिनधास्त घराच्या हौदात अंडी घालतो.

त्यांनी पाणी नासत नाही, रोग पसरत नाहीत. उलट त्यांना खायला मिळतंय याचा अर्थ त्या हौदात अजून काहीतरी आहे, आणि ते बहुधा डासांच्या अळ्या आहेत. हौद वापरायचा, धुण्याभांड्याचा असेल तर राहू द्या. पिण्याचा असेल तर साहजिकच नको वाटणार, मग मगाने उचलून एखाद्या जुन्या दगडी टाक्यात, विहिरीत नाहीतर डबक्यात सोडा, आणि हौदाला झाकण लावा. झाकण नसेल तर महिन्याभरात परत असा फोटो पाठवाल.

एक गोष्ट लक्षात ठेवा, महापालिकेची माणसं हौदात अबेट टाकून गेली असतील तर ते औषध डासाच्या अळीसाठी असलं तरी पाण्यातल्या बाकीच्या किड्यांनाही सोसत नाही. टाकू नका असं मी म्हणत नाही, डेंगीच्या दिवसात ते आपल्या हातात नसतं. पण नंतर पिल्लं मेलेली दिसली तर कारण ते असू शकतं.

८. मग पाण्यातून वर उडणारा कसा होतो? फुलपाखरासारखा कोष करतो का?

कोष नाही. अंडं, पिल्लू, मग थेट चतुर. पाण्यात असताना दहा-बारा वेळा, कधी कमी कधी जास्त, कात टाकत मोठं होतं. शेवटची कात टाकायच्या आधी खाणं बंद करतं, काठाशी येतं आणि रात्री किंवा पहाटे देठ, भिंत, दगड काही मिळेल ते धरून पाण्याबाहेर चढतं. पाठ उकलते, आतून चतुर बाहेर येतो, अगदी मऊ, फिकट, पंख चुरगळलेले. मग पंखांत द्रव भरून ते पसरतात, वाळतात, कडक होतात. या एक-दोन तासांत तो पळू शकत नाही, मुंग्या, कोळी, साळुंक्या यांचं तेव्हा फावतं, बरेच तिथेच संपतात. मागे रिकामी साल तशीच चिकटून राहते. हौदाच्या भिंतीवर "सुकलेला कोळी" म्हणून जे फोटो येतात ती ही साल. पाठीवर चीर आणि आतून पांढरे धागे दिसले की नक्की समजा. ते धागे म्हणजे श्वासनळ्यांचं अस्तर.

९. चतुर डास खातात तर आमच्या सोसायटीत सोडायला विकत कुठे मिळतील?

कुठे मिळत नाहीत, आणि मिळाले तरी उपयोग नाही, मोठा चतुर सोडला की तो त्याला पटेल तिकडे निघून जाणार. डास तो खातो हे खरं, संध्याकाळी मैदानावर घिरट्या घालतात तेव्हा तेच चाललेलं असतं. पण डेंगीचा डास घरात, पलंगाखाली, अडकवलेल्या कपड्यांमागे लपतो आणि चतुराला उघडी हवा आणि ऊन लागतं, दोघांची गाठ फार पडत नाही.

खरं काम पाण्यात होतं. म्यानमारमधल्या यांगोनमध्ये लोकांच्या घरच्या पाणीसाठ्यात चतुराची पिल्लं ठरावीक दिवसांनी सोडून डेंगीच्या डासांवर चांगला ताबा आणला होता, ते काम १९९० मध्ये छापून आलं. वापरलेली जात क्रोकोथेमिस सर्व्हिलिया, म्हणजे आपल्याकडे तळ्याकाठी दिसणारा तोच लालभडक चतुर. पण तिथे पिल्लं मुद्दाम वाढवून घरोघरी वाटली होती, आपोआप झालेलं नाही. घरच्या घरी करायचं तर आठवड्यातून एकदा भांडी कोरडी करणं आणि झाकण, याला पर्याय नाही. चतुर बोनस समजा.

१०. हौदात गप्पी मासे सोडलेत, चतुराच्या पिल्लांचं काय होईल?

लहान पिल्लं गप्पी खाणार, आणि एखादं पिल्लू वाचून मोठं झालं तर ते गप्पी खाणार. हौदात सोडायला हरकत नाही. पण नैसर्गिक डबक्यात, ओढ्यात, देवराईतल्या कुंडात गप्पी नेऊन टाकू नका, तिथे आधीपासून डास खाणारे किडे असतात, त्यांचाच फडशा पडतो.

११. कितीही हळू गेलं तरी हाताशी येत नाही, एवढं दिसतं कसं?

एकेका डोळ्यात हजारो भिंगं, मोठ्या जातींत तीस हजारांच्या घरात. वर कपाळावर अजून तीन साधे डोळे, उजेड आणि तोल कळायला. जवळजवळ चारही बाजूंचं एकाच वेळी दिसतं, फक्त थेट मागे आणि खाली थोडी आंधळी जागा राहते. (पोरांना हे माहीत असतंच, ती मागूनच येतात.) वर चारही पंखांना वेगवेगळे स्नायू थेट जोडलेले, म्हणून जागच्या जागी थांबणं, मागे जाणं, झटक्यात वळणं सगळं जमतं.

शिकार करताना तो माशीच्या मागे पळत नाही. माशी पुढच्या क्षणी कुठे असेल तिकडे जातो आणि खालून येऊन पायांची टोपली करून उचलतो. प्रयोगांमध्ये शंभरातले नव्वदच्या वर झडप यशस्वी झालेत, वाघ-सिंहांना याच्या निम्मंसुद्धा जमत नाही. पाय मात्र पकडायला आणि बसायलाच, चालता त्याला जवळपास येत नाही.

१२. दोन चतुर एकमेकांना धरून गोल करून बसतात, ते भांडण असतं का?

जोडी आहे. नर पोटाच्या टोकाच्या चिमट्याने मादीची मान धरतो, मादी पोट वाकवून पुढे नराच्या पोटाच्या बुडाशी लावते, त्यातून तो बदामासारखा आकार होतो. असं वाकडं का, तर नराचं वीर्य तयार होतं टोकाला पण द्यायचा अवयव असतो छातीजवळ, दुसऱ्या खंडावर, त्यामुळे आधी तो स्वतःच तिकडे भरून ठेवतो. अजून पुढे ऐका. १९७९ मध्ये जोनाथन वागे या शास्त्रज्ञाने एका टाचणीवर दाखवून दिलं की नर आपलं वीर्य देण्याआधी मादीच्या शरीरातलं आधीच्या नराचं खरवडून बाहेर काढतो. म्हणूनच नंतर अंडी घालेपर्यंत नर तिला सोडत नाही, कधी धरूनच उडतो, कधी वर घिरट्या घालून दुसऱ्यांना हाकलतो. आणि माद्याही काही कमी नाहीत, स्वित्झर्लंडमध्ये एका जातीच्या माद्या नर मागे लागला की धाडकन खाली पडून मेल्याचं सोंग करतात, तो गेला की उठून उडतात. हे २०१७ चं निरीक्षण.

१३. चतुर खाली उडायला लागले की पाऊस येतो, आजी म्हणायची. खरं का?

अर्धं खरं. पावसाआधी हवा दमट होते, वारा बदलतो, बारीक किडे जमिनीलगत येतात, चतुर त्यांच्या मागे खाली येतो. म्हणजे त्याला पावसाचं भविष्य कळत नाही, जेवण खाली आलंय एवढंच कळतं. पण ढग भरून आले की पिवळसर चतुरांचे थवेच्या थवे येतात ते मात्र पावसाच्या वाऱ्याबरोबर खरंच लांबून आलेले असतात, पुढचा प्रश्न बघा.

१४. सप्टेंबर-ऑक्टोबरला मैदानावर शेकडो पिवळे चतुर असतात आणि मग एकदम गायब. कुठे जातात?

माझा सगळ्यात आवडता प्रश्न. हा पँटाला फ्लॅवेसेन्स, साडेचार-पाच सेंटीमीटरचा, वजन ग्रॅमच्या एक तृतीयांशाएवढं, आणि जगातला सगळ्यात लांब जाणारा कीटक म्हणून याचं नाव घेतात.

झालं असं की मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या सागरी जीवशास्त्रज्ञाला प्रश्न पडला, की दर ऑक्टोबरला इथे लाखो चतुर येतात कुठून, कारण त्या प्रवाळाच्या बेटांवर गोडं पाणी उघड्यावर जवळपास नाहीच, तिथे ते वाढू शकत नाहीत. बरीच वर्षं नोंदी ठेवून त्याने २००९ मध्ये मांडलं की हे भारतातून येतात, मॉन्सून परतताना उंचावरच्या वाऱ्यावर बसून समुद्र ओलांडतात आणि पुढे पूर्व आफ्रिकेत जातात. तिथल्या पावसात त्यांची पिल्लं वाढतात, मग त्यांची पुढची पिढी नैर्ऋत्य मॉन्सूनबरोबर भारताकडे येते. पूर्ण फेरा चौदा ते अठरा हजार किलोमीटर, एक चतुर तो पूर्ण करत नाही, त्याला काही पिढ्या लागतात. पंखातल्या हायड्रोजनवरूनही नंतर तपासलं, तर मालदीवला पोचलेले चतुर उत्तर भारताच्या बाजूला वाढलेले असावेत असं निघालं.

हे जमतं कारण याला तळं लागत नाही, पावसाचं साचलेलं डबकं पुरतं. पिल्लू सहा-आठ आठवड्यांत तयार, डबकं आटायच्या आत बाहेर. आपल्याकडे पावसाचा जोर सप्टेंबरला, तेव्हा माळावर, बांधकामाच्या खड्ड्यांत, शेतात साचलेल्या पाण्यात हेच वाढत असतात. पाऊस सरला, वारा फिरला, की निघाले. त्याच सुमाराला अमूर ससाणे सुद्धा भारतावरून आफ्रिकेला जातात आणि समुद्रावरून जाताना हे चतुर त्यांचा डबा असावा असा अंदाज आहे. तुमच्या पार्क मैदानावर दिसलेला नेमका तोच चतुर मालदीवला जातो का हे कोणी विचारू नका, त्याच्या पाठीवर नंबर नसतो. जात तीच, एवढं नक्की.

१५. माझ्या काळ्या कारच्या बॉनेटवर चतुर शेपूट आपटत बसतो, का?

त्याला ते पाणी वाटतं. पाण्यावरून परतणारा उजेड एका ठरावीक पद्धतीने आडवा होऊन येतो, आपल्याला दिसत नाही पण चतुराला दिसतो, आणि त्यावरूनच तो वरून पाणी शोधतो. चकचकीत काळं किंवा लाल बॉनेट, काळी ताडपत्री, सोलर पॅनल, पॉलिश केलेला ग्रॅनाइट, सगळ्यावरून तसाच उजेड येतो. हंगेरीत तर काळ्या चकचकीत थडग्यांवर चतुर हद्द सांभाळत बसलेले आढळलेत. अंडी तिथे घातली की वाया गेली. आणि आपल्या एप्रिलच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर ती अंडी भाजून त्यातून आम्ल तयार होतं आणि रंगावरचा थर खराब होतो, ब्राझीलमध्ये यावर अभ्यास झालाय, तर ओल्या फडक्याने लगेच पुसून घ्या आणि गाडी सावलीत लावा. काळ्या ताडपत्रीवर माती किंवा गवत टाकलं तरी फसवणूक थांबते.

१६. दुपारी बारा वाजता एक चतुर काठीवर शेपूट सरळ वर करून बसला होता. आजारी होता का?

उन्हापासून वाचायलाय. सूर्य डोक्यावर असताना पोट सूर्याकडे रोखून धरलं की अंगावर ऊन कमीत कमी पडतं. सोलापूरच्या उन्हात हे अगदी कॉमन, सावली सरकेल तसा त्याचा कोनही बदलतो. सकाळी नेमकं उलटं, तेव्हा आडवा बसून अंग शेकतो, पंख फडफडवून स्नायू गरम करतो. फोटो काढायचा तर तीच वेळ, गार असतो तोवर उडत नाही.

१७. पंख पसरलेली टाचणी आणि दोन डोळे एकमेकांपासून लांब असलेला चतुर पाहिला. मग २ नंबरचं उत्तर चुकीचं ना?

नियम बरोबर, अपवाद आहेत. लेस्टिस गटातल्या टाचण्या पंख अर्धे उघडे ठेवून बसतात, त्या अंगाने बारीक आणि चारही पंखांनी सारख्या असतात म्हणून फसायचं कारण नाही. आणि गोम्फिडी या घराण्यातल्या चतुरांचे डोळे एकमेकांना टेकत नाहीत. आपल्याकडचा त्यातला मोठा म्हणजे इक्टिनोगोम्फस रॅपॅक्स, काळा-पिवळा, तळ्याकाठच्या सुक्या फांदीच्या टोकावर तासन्‌तास, उडवला तर परत त्याच टोकावर. अशा वेळी पंखांचं बूड बघा, मागचं रुंद असेल तर चतुर.

१८. रात्री ट्यूबलाइटवर टाचणी आली होती, रात्री पण फिरतात का?

रात्री आलेली "टाचणी" बहुतेक टाचणी नसतेच. तिच्या मिशा बघा. चतुर-टाचण्यांच्या मिशा केसाएवढ्या, दिसतही नाहीत. लांब आणि टोकाला जाड मिशा असतील, उडणं लडखडतं असेल, तर तो वाळूत गोल खड्डा करून मुंग्या धरणाऱ्या किड्याचा मोठा झालेला अवतार, त्याचा यांच्याशी संबंध नाही. खरे चतुरही कधी दिव्यावर येतात, खासकरून १४ नंबरवाला, रात्रीचा प्रवास चालू असेल तर. आणि थोलिमिस टिलार्गा हा लालसर चतुर दिवे लागायच्या वेळेलाच बाहेर पडतो, नराच्या मागच्या पंखावर पांढरा डाग चमकतो, तळ्याकाठी संध्याकाळी थांबलात तर दिसेल.

१९. गटारीच्या नाल्यावर पण नारिंगी चतुर खूप असतात. म्हणजे पाणी चांगलं आहे का?

नाही. तो ब्रॅकिथेमिस कंटॅमिनाटा, घाण पाणी चालवून घेणारा. "चतुर म्हणजे शुद्ध पाण्याची खूण" हे सरसकट खरं नाही, कोणता चतुर आहे ते बघावं लागतं. एकाच ठिकाणी सात-आठ वेगवेगळ्या जाती, टाचण्यांसकट, दिसत असतील तर पाणी बरं. फक्त हा एकटाच शेकड्याने असेल तर समजून जा. जलपर्णीचं तसंच, काठाला थोडी असली तर टाचण्या बसतात, पण अख्खं तळं झाकलं की उघडं पाणी आणि प्राणवायू दोन्ही जातं.

२०. उन्हाळ्यात ओढे, डबकी सगळं आटतं. तेव्हा हे कुठे असतात?

प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. पँटाला निघून जातो. काही जातींचे मोठे चतुर झाडीत, सावलीत, पाण्यापासून लांब शांत बसून पावसाची वाट बघतात, तोवर जोडी जमवत नाहीत. काहींची पिल्लं ओल्या गाळात शिरून थोडे दिवस काढतात. बाकीचे जिथे बारमाही पाणी आहे तिथे गोळा होतात, उजनीचा फुगवटा, हिप्परगा, विहिरी, कालव्याची गळती. आणि हो, तुमचा हौद.

२१. सोलापुरात बघायला कुठे जायचं?

हिप्परगा तलावाचा उथळ काठ, विजापूर रोडचा संभाजी तलाव म्हणजे आपला कंबर तलाव, होटगीचा तलाव, सिद्धेश्वर तलावाच्या पायऱ्या आणि शेजारी भुईकोट किल्ल्याच्या भिंती (७ नंबरमधला करडा चतुर तिथे शोधा). नान्नजच्या माळावर पावसाळ्यात पँटाला. सप्टेंबर ते नोव्हेंबर सगळ्यात भारी, सकाळी आठ ते अकरा. पूर्ण ढगाळ दिवशी जाऊ नका, फार कोणी भेटत नाही.

२२. शेततळं आहे, डाळिंबाची बाग आहे. चतुर यावेत म्हणून काय करू?

प्लास्टिकच्या कागदाचं तळं असेल तर कागद गुळगुळीत असतो, पिल्लाला वर चढता येत नाही. एक-दोन जाड दोर किंवा झाडाच्या फांद्या आत सोडून ठेवा, त्या चढायलाही कामाला येतात आणि एखादं कोकरू, खार पडली तर तिलाही. तळ्यात मासे भरपूर असतील तर चतुर कमी राहणार, ते धरून चाला. फवारणीचं पाणी, पंप धुतलेलं पाणी तळ्यात जाऊ देऊ नका, इमिडाक्लोप्रिडसारखी औषधं पाण्यातल्या किड्यांना फार थोडीही महागात पडतात, जपानमध्ये भातखाचरांत अशाच औषधांनी चतुर कमी झाल्याचं दिसलंय. एक सांगून ठेवतो, चतुर मावा-फुलकिडे संपवून फवारणी वाचवेल अशी आशा ठेवू नका, तो उडणारं खातो, पानाला चिकटलेलं नाही. आणि मधमाश्याही खातो.

२३. डायनासोरच्या वेळी कावळ्याएवढे चतुर होते म्हणे?

त्याच्याही आधी, सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी. मेगान्यूरा नावाचा, पंखांचा पसारा सत्तर सेंटीमीटरच्या आसपास. आजच्या चतुरांचा तो थेट पूर्वज नाही, चुलत घराणं म्हणा. हवेत तेव्हा प्राणवायू जास्त होता म्हणून एवढे वाढले असं एक कारण सांगतात, आकाशात पक्षीच नव्हते हे दुसरं.

२४. पोरं चतुराला दोरा बांधून उडवतात, त्याला त्रास होतो का?

होतो. पोट दबतं, पाय-पंख तुटतात, सोडला तरी बहुतेक जगत नाही. आपण सगळ्यांनी केलंय ते. पोरांना हौदातलं पिल्लू काचेच्या बरणीत घालून दाखवा, त्याचा ओठ सुटलेला एकदा बघितला की दोरा विसरतात.

२५. एक पिवळा चतुर रोज गच्चीत यायचा, आता लाल झालाय. तोच आहे का?

असू शकतो. ९ नंबरमध्ये म्हटलेला लाल चतुर तरुणपणी पिवळाच असतो, नर वयात येताना लाल होतो. जपानी शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये दाखवलं की नवा रंग तयार होत नाही, कातडीतल्या त्याच रंगद्रव्याची रासायनिक अवस्था बदलते, पिवळ्याचं लाल. मादी पिवळसरच राहते. पण गच्चीवर रोज येणारा एकच आहे असं धरून चालू नका, चांगली जागा मोकळी झाली की दुसरा येऊन बसतो.

२६. फोटो पाठवला तर जात सांगाल का?

सांगेन, पण "लाल होता, मोठा होता" एवढ्यावर नाही. एक फोटो वरून, एक बाजूने, आणि पंखांचं बूड दिसायला हवं. आपल्याकडे लाल चतुरच तीन-चार प्रकारचे आहेत. पाठीवरून बारीक काळी रेघ असेल तर क्रोकोथेमिस सर्व्हिलिया, अंग गुलाबी-जांभळट, शिरा लाल आणि पाय काळे असतील तर ट्रायथेमिस ऑरोरा, मागच्या पंखाच्या बुडाला गडद डाग आणि पोटाच्या टोकाला काळे ठिपके असतील तर युरोथेमिस सिग्नाटा. जागा आणि तारीख लिहा, पाणी होतं का नाही तेही. मादीचा फोटो असेल तर मला वेळ द्या, आणि व्हॉट्सॲपवर फोटो पाठवताना एचडी करून पाठवा, नाहीतर पंखांच्या शिरा पार पुसून येतात.